डब्यांची गाडी

सकाळी वर्तमानपत्र उघडावे आणि मन झाकोळून जावे, असा अनुभव आजकाल पुष्कळांना येतो. पहिल्या पानावर अपघात, दुसऱ्यावर दरोडा, तिसऱ्यावर पुढाऱ्यांची परस्परांवर चिखलफेक. कोठे महापूर, कोठे अवर्षण, तर कोठे दूरदेशीचे युद्ध. आता तर वर्तमानपत्राची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. हातातल्या फोनवर दिवसभर बातम्यांची झड लागलेली असते आणि त्या झडीत उन्हाची तिरीप क्वचितच दिसते. आमच्या वाचनालयात रोज येणारे एक वृद्ध गृहस्थ अंक चाळून झाला की चष्मा टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "जगात माणुसकी म्हणून उरली नाही हो, गुरुजी!" मग तोच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ते शेजारी बसलेल्या, दृष्टी अधू झालेल्या आपल्या मित्राला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवू लागतात. हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम आहे.

यात वर्तमानपत्रांना दोष देण्यात अर्थ नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत मराठीतले पहिले वर्तमानपत्र काढले, तेव्हा त्याचे नाव त्यांनी 'दर्पण' असे ठेवले. दर्पण म्हणजे आरसा. आरशात चेहऱ्यावरचा डाग दिसलाच पाहिजे. एरवी तो पुसायचा कसा? शिवाय बातमी होते ती नित्याचा क्रम मोडणाऱ्या गोष्टीची. घाटातून रोज सुखरूप उतरणाऱ्या गाडीविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही; ती दरीत कोसळली की मोठा मथळा येतो. मात्र जे छापून आले नाही ते घडलेच नाही, असे समजू नये. पुष्कळ गोष्टी केवळ रोज घडतात एवढ्याच कारणाने छापल्या जात नाहीत.

मुलांनो, अशीच एक न छापलेली गोष्ट मी तुमच्या वयाचा असल्यापासून पाहत आलो आहे. ती म्हणजे एस. टी.तून येणारे डबे.

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. पुढे हळूहळू ती खेडोपाडी जाऊ लागली. त्या काळी लहान गावांत चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत शाळा असे. पुढे शिकायचे तर तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहावे लागे, आणि खाणावळीचे पैसे भरण्याची ऐपत फार थोड्यांची असे. तेव्हा घरोघरच्या आयांनी एक तोड काढली. पहाटे उठून भाकरी भाजावी, डबा भरावा, फडक्यात घट्ट बांधावा आणि फाट्यावर जाऊन सकाळच्या गाडीत द्यावा. तालुक्याच्या स्थानकावर मुलगा उभा असेच. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. या डब्यासाठी कोणी तिकीट फाडल्याचे मला स्मरत नाही. कोणत्याही पाटीवर या सोयीचा उल्लेख नव्हता. चालक आणि वाहक यांच्या भलेपणावर सारा व्यवहार चालत असे.

मी बार्शीला शिकायला होतो ते १९७२ चे साल. महाराष्ट्रावर त्या वर्षी भीषण दुष्काळ कोसळला होता. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली, मोठमोठे बागाईतदारही खडी फोडायला बसले. वाचनालयातले वर्तमानपत्र म्हणजे संकटांची यादीच असे. आम्ही पोरे ते वाचीत असू आणि आपल्या गावाचे नाव तर आले नाही ना, हे धडधडत्या काळजाने पाहत असू. माझी आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. दिवस उजाडण्याआधी भाकरी भाजून ती कामावर जाई. डब्यात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा आणि असलाच तर कांदा. ती भाकरी थंड झाली की कातड्यासारखी चिवट होई. तरी दहाच्या सुमारास गाडी स्थानकात वळली, की आमच्या जिवात जीव येई.

त्या गाडीचे वाहक उंच आणि आवाजाने खरखरीत होते. आमच्याकडे वाहकाला 'मास्तर' म्हणतात. (पुढे मीही मास्तर झालो, पण त्यांच्याइतकी हजेरी मला कधीच पाठ झाली नाही.) गाडीत पुढच्या बाजूला ओळीने ठेवलेले ते जर्मनचे आणि पितळेचे डबे ते एकेक करून खाली देत आणि मोजीत. एकवीस डबे असत. नाव वाचण्याची त्यांना गरज पडत नसे. फडक्याचा रंग आणि गाठ पाहून कोणता डबा कोणाचा, हे ते सांगत.

एके दिवशी वीसच डबे उतरले. आमच्या खोलीतल्या एका मुलाचा डबा आला नव्हता. त्याचे आईवडील पोट भरण्यासाठी पुण्याकडे गेल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. आम्ही चौघांनी आपापल्या डब्यातली चतकोर चतकोर भाकरी त्याच्यापुढे सरकवली. पण आमच्याच भाकऱ्या मोजून आलेल्या. चार-पाच दिवस असे गेले. आमच्या वाट्याला हात लावताना त्याचा चेहरा उतरून जाई. सहाव्या दिवशी त्याने आपली दोन पुस्तके मला दिली आणि उरलेले सामान गाठोड्यात बांधले. शाळा सोडून तो आईवडिलांच्या शोधात निघणार होता.

आम्ही त्याला निरोप द्यायला स्थानकावर गेलो, तेव्हा आमची गाडी लागतच होती. मास्तर डबे देऊ लागले. अठरा, एकोणीस, वीस... आणि मग त्यांनी आतून एक लहानसा, पोचे पडलेला डबा काढला. त्याला जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती.

"एकवीस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तो त्या मुलाच्या हातात ठेवला.

"मास्तर, हा माझा नाही."

"तुझाच आहे. फाट्यावरच्या म्हातारीनं दिलाय. उद्यापासून रोज यायचा. रिकामा डबा तेवढा घासून पाठव, म्हणजे झालं."

फाट्यावर एक म्हातारी चहाचे दुकान चालवीत असे. गाडी तेथे दोन मिनिटे थांबे. एक डबा कमी येतो, एवढेच मास्तर तिच्यापाशी बोलले होते. कोणाचा, कशासाठी, किती दिवस, असले काही तिने विचारले नव्हते. दुष्काळात तिच्या दुकानावर तरी कितीसे गिऱ्हाईक असणार! डब्यात दीड भाकरी होती आणि गुळाचा एक खडा. त्या मुलाने स्थानकाच्या पायरीवर बसून ती दीड भाकरी खाल्ली. मग तो आमच्याबरोबर खोलीवर आला आणि त्याने गाठोडे सोडले. मी त्याची दोन पुस्तके परत केली.

त्या दिवशी वाचनालयातल्या वर्तमानपत्रात काय होते, ते मला आज आठवत नाही. दुष्काळाचाच मजकूर असणार, आणि तो खोटा नव्हता. तो छापला जात होता हेही योग्यच. त्यावाचून दूरच्या लोकांना आमच्या तहानभुकेची वार्ता कोठून लागती? तो हिरव्या पट्टीचा डबा मात्र पावसाळा सुरू होऊन त्याचे आईवडील परतेपर्यंत, सुट्टीचे दिवस सोडून, रोज येत राहिला.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. गावोगावी शाळा निघाल्या, तरी डबे यायचे थांबले नाहीत. फडक्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, जर्मनच्या जागी स्टील आले.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या आणि प्रवाशांचे हालही खरे होते. वर्तमानपत्रे आरोपांनी आणि प्रत्यारोपांनी भरून जात होती. एकदा सकाळी मी सहज स्थानकाकडे गेलो. फाटक बंद होते. पण बाहेरच्या लिंबाखाली दहाबारा मुले उभी होती. एवढ्यात दुधाची गाडी आली. दुधाच्या कॅनांच्या मधल्या फटींत पिशव्याच पिशव्या खोचलेल्या होत्या. गाडीवाला तरुण पोरगा होता. त्याला गाठींची ओळख नव्हती, म्हणून झाकणांवरची नावे मोठ्याने वाचीत तो डबे देत होता. शेवटी एक डबा उरला. त्याचा मालक तापाने खोलीवरच निजला होता, असे मुलांनी सांगितले.

"खोली कुठं आहे?" गाडीवाल्याने विचारले. एका मुलाने पत्ता सांगितला. गाडीवाल्याने त्या मुलाला शेजारी बसवून घेतले, डबा त्याच्या मांडीवर दिला आणि गाडी त्या गल्लीकडे वळवली.