ओठ पुढे, आवाज मागे

यंत्राशी माणसाचं भांडण होऊच शकत नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. भांडणाला दोन तोंडं लागतात. पिठाची गिरणी बंद पडली तर माणूस गिरणीवाल्याशी भांडतो, गिरणीशी भांडत नाही. पण संगणकावर चित्रफितीचं संकलन करण्याचा एखादा व्यावसायिक प्रोग्रॅम ज्यांनी एकदा हाताळला असेल, त्यांना हे मत बदलावं लागतं. या यंत्राला तोंड असतं. ते बोलतं, आणि तेही सभ्य, सरकारी भाषेत: ‘अनपेक्षित कारणामुळे हा प्रोग्रॅम बंद होत आहे.’ कारण अनपेक्षित कुणाला, त्याला की आपल्याला, हे विचारायची सोय नसते. तोवर तो बंद झालेला असतो.

हे लचांड माझ्यामागं लागलं ते आत्यामुळे. आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. वाईजवळच्या एका खेड्यात तिचा जन्म गेला, आणि पहाटेच्या जात्यावर तिनं किती ओव्या म्हटल्या असतील याची मोजदाद नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम फार मोलाचं आहे. पण आत्याच्या ओव्या आत्यापाशीच होत्या. २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या आतेभावाला बुद्धी झाली. त्यानं माळ्यावरचं जातं खाली काढलं, मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि एका पहाटे आत्याला दळायला बसवलं. सव्वा तास ती गात होती.

त्यानंतर सहा महिन्यांनी आत्याला अर्धांगवायू झाला. हात बराचसा सुधारला, समजतं सगळं, पण वाचा गेली. मोबाईलमधला तो सव्वा तास आता साधा राहिला नाही. आत्याचा आवाज जगात फक्त तिथं उरला.

“तू करोनाच्या वर्षी तुझे तास चित्रित करून जोडत होतास ना?” आतेभाऊ मला म्हणाला. “मग एवढं नीट करून दे. भाऊबीजेला सगळे जमतात, तेव्हा लावू.”

माझ्याजवळचा फुकट प्रोग्रॅम सव्वा तासाचा ऐवज पाहूनच गांगरला. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, चित्रपटवाले वापरतात तोच घ्या.” तो विकत मिळत नाही, दरमहा भाड्यानं मिळतो. सौ.चं त्यावरचं मत थोडक्यात असं होतं, की घरभाडं देणारा माणूस निदान घरात राहतो तरी.

पहिली दहा मिनिटं सुखाची गेली. आत्याचा चेहरा, खुंट्यावरचा हात, जात्याची घरघर आणि आवाज, सारं जागच्या जागी. पुढं मात्र काहीतरी खटकू लागलं. ओठ मिटावे आणि शब्द त्यानंतर यावा, असं होऊ लागलं. तासाभरानंतर तर आत्या एका ओवीचा शेवट करून वैरण घालायला वाकलेली दिसे, आणि ओवी मागून येई. घरातलं वडीलधारं माणूस असं आपल्याच आवाजापासून तुटून बोलताना बघणं, हे हसण्यासारखं नाही. त्यातून त्या माणसाची वाचा खरोखरच गेलेली असेल, तर मुळीच नाही.

मागं म्हणजे नेमकं किती मागं? चित्रपटवाले दृश्याच्या सुरुवातीला लाकडी पाटीवर दांडी आपटतात, ती उगाच नव्हे. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्या यंत्रात मुद्रित होतो. आपटल्याचं चित्र आणि आपटल्याचा आवाज एकमेकांवर बसवले की दोघांची गाठ पडते. आमच्याकडे पाटी कुठली? पण सौ.नं ती शोधून काढली. “अहो, मागं ओट्यावरून झाकण पडतंय ते बघा, आणि आवाज कधी येतो तो ऐका.” पातेल्याचं झाकण बासष्टाव्या मिनिटाला पडत होतं, आणि त्याचा खणखणाट साडेतीन सेकंदांनी ऐकू येत होता.

साडेतीन सेकंद हा आकडा ऐकताच विद्यार्थ्याचे डोळे चमकले. “सर, हा एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णवचा घोळ!” हा घोळ इतका रंजक आहे, की तो इथं सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

हलतं चित्र म्हणजे भरभर सरकणारी स्थिर चित्रं. सिनेमात सेकंदाला २४, आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत २५, आणि अमेरिकेत पूर्वी ३०. १९५३ साली तिथं टेलिव्हिजनला रंग आणायचं ठरलं, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीत ढवळाढवळ करील अशी भीती होती. म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी ३० चा वेग हजारात एका भागानं कमी केला. झाले २९.९७. पण चित्रांना क्रमांक देण्याची रीत मात्र तीसांचीच. म्हणजे क्रमांकांचं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या मागं पडू लागलं, तासाला ३.६ सेकंद. यावर त्यांनी काढलेला तोडगा पाहून मला आपल्या पंचांगकर्त्यांची आठवण झाली. दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळायचे. फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चित्र एकही गळत नाही, गळतो तो आकडा. आपल्याकडे क्षयतिथी येते, चतुर्थीनंतर एकदम षष्ठी उजाडते, म्हणून काही कुणाच्या आयुष्यातला एक दिवस कमी होत नाही, तसंच हे. आणि असे तासाभरात किती आकडे गळतात म्हणाल? बरोबर १०८. जपमाळेचे मणी!

मी हे सौ.ला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “छान. आत्यांचे ओठ जुळले का?”

जुळले नव्हते. विद्यार्थ्याच्या सांगण्याप्रमाणं चित्राचा वेग हजारात एका भागानं कमी केला, तेव्हा झाकण जागेवर पडलं. पण पंचविसाव्या मिनिटाला आत्या पुन्हा बेसूर, जवळजवळ दोन सेकंदांनी. खोट सगळीकडं सारखी पसरलेली नव्हती. ती पहिल्या अर्ध्या तासातच साचली होती.

ती तिथंच का साचावी, याचं उत्तर प्रोग्रॅमच्या कुठल्याही यादीत नव्हतं. ते त्या पहाटेत होतं. आत्या दळायला बसली तेव्हा बाहेर अंधार होता आणि स्वयंपाकघरात एक मिणमिणता दिवा. पुष्कळ मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो म्हणून सांगतात. पण उजेड कमी असला, की अधिक उजेड आत यावा म्हणून प्रत्येक चित्राला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवतात. मग सेकंदाला चित्रं भरतात कमी. कधी ३०, कधी २९, कधी आणखी कमी. आवाज मात्र अंधार-उजेड जाणत नाही. तो एकसारखा भरत राहतो. आमच्या प्रोग्रॅमनं ही सगळी चित्रं सेकंदाला ३० च आहेत असं गृहीत धरून पळवली. अंधारातली चित्रं मुळात थोडी, ती भराभर संपली. ओठ पुढे गेले, आवाज मागे राहिला. दिवस उजाडला तशी मोबाईलची नजर साफ झाली आणि अंतर वाढायचं थांबलं.

रोग कळल्यावर औषध फुकट होतं. हँडब्रेक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. मूळ फाइल त्यातून काढून घेतली आणि ‘वेग स्थिर ठेव’ असं सांगितलं, की तो जिथं चित्रं कमी पडतात तिथं शेजारचंच चित्र पुन्हा ठेवून भरती करतो. एक रात्र गेली. सकाळी आत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या तोंडानं गात होती. भाडं भरून घेतलेल्या प्रोग्रॅमनं ही गोष्ट स्वतःहून का सांगू नये, हा माझा प्रश्न अजून कायम आहे. त्याला माझ्या बोलण्यातले ‘अं’ आणि ‘हं’ हुडकून काढता येतात; पण फाइल आत घेताना ‘बाबा रे, हिचा वेग डळमळीत आहे’ एवढं सांगता येत नाही.

सांगतो ते नको तेव्हा सांगतो. ‘यात बऱ्याच निःशब्द जागा आहेत, काढून टाकू का?’ असं त्यानं मला विचारलं. कुतूहलानं मी एका प्रतीवर होय म्हटलं. सव्वा तासाची पन्नास मिनिटं झाली. दोन ओव्यांमध्ये आत्या थांबते, मूठभर दाणे घेते, जात्याच्या तोंडात वैरण सोडते, खुंटा धरते आणि पुढची ओवी आठवते. तेवढं सगळं गेलं. जे उरलं ते ऐकताना आत्या आकाशवाणीवर बाजारभाव सांगते आहे असा भास झाला. ती प्रत मी पुसून टाकली.

शीर्षक लिहिताना माझ्या पेशावरच घाला आला. मी टंकलं ‘आत्याच्या ओव्या’, पडद्यावर उमटलं ‘आत्‌याच्‌या ओव्‌या’. जोडाक्षरं सुटी झाली, प्रत्येकाच्या पायात हलंताची बेडी. ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’ला सोडून ‘व’च्या दारात जाऊन बसली. यातही एक गंमत आहे. ‘दि’ उच्चारताना आपण आधी ‘द’ म्हणतो, मग ‘इ’. संगणकही ती अक्षरं त्याच क्रमानं साठवतो. वेलांटी उचलून ‘द’च्या आधी मांडणं हे लिपीचं काम, आणि ते प्रोग्रॅमनं शिकून घ्यावं लागतं. आमच्या प्रोग्रॅमला ते येत होतं. पण ‘दक्षिण आशियाई लिपी’ नावाची एक खिट्टी कुठंतरी चौथ्या कप्प्यात दडवून ठेवली होती. कोट्यवधी लोक हिंदी-मराठी लिहीत असतील, तरी ते त्याच्या लेखी अपवादच.

‘माध्यम सापडत नाही’ या तांबड्या पडद्याविषयी मी फार लिहीत नाही. संकलनाच्या फाइलमध्ये चित्रं नसतातच, नुसते त्यांचे पत्ते असतात; बाहेरची डिस्क काल ‘ई’ होती आणि आज संगणकानं तिला ‘एफ’ म्हटलं, की सारे पत्ते चुकतात. नवे पत्ते दाखवून दिले की सगळे परत येतात. पहिल्या वेळी मात्र छातीत धस्स होतं.

खरी कसोटी शेवटी. सगळं जुळलं, आता फक्त पूर्ण चित्रफीत बाहेर काढायची. रात्री यंत्र लावून झोपावं आणि सकाळी पाहावं तो पडदा रिकामा. तीन रात्री असं झालं. भाऊबीज चार दिवसांवर. विद्यार्थी म्हणाला प्रोग्रॅम पुन्हा बसवा, आतेभाऊ म्हणाला नवा संगणक घ्या. त्याच संध्याकाळी शेजारी कुणीतरी दिव्यांची जुनी माळ लावत होतं, ती पेटत नव्हती, आणि मला माझे वडील आठवले. त्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझे. वडील एकेक दिवा तपासत बसत नसत. बरोबर मधोमध टेस्टर लावत. इथवर वीज येते? मग खोट पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्याच्या मधोमध. पाच-सहा वेळा केलं की गेलेला दिवा हाती येई.

मी चित्रफीत मधोमध कापली. पहिला अर्धा भाग निघाला, दुसऱ्यावर प्रोग्रॅम बंद पडला. दुसऱ्याचे दोन केले. मग त्यातल्या एकाचे दोन. सहाव्या वेळी उरलेल्या मिनिटभरात सापडला आत्याच्या लग्नाचा १९५८ सालचा फोटो. आतेभावानं तो दुकानातून मोठ्या हौसेनं ‘सगळ्यात चांगला’ स्कॅन करून आणला होता. रुंदी वीस हजार ठिपक्यांहून अधिक. आमच्या चित्राची रुंदी १९२०. नवरा-नवरीचा तो फोटो गिळताना यंत्राला दर रात्री ठसका लागत होता. लहान करून बसवला, आणि पहाटे साडेचारला फाइल तयार झाली.

भाऊबीजेला चौदा माणसं जमली होती. आत्याला खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली. पोरांची चुळबुळ चालली होती, एका कोपऱ्यात फराळाची ताटं भरली जात होती. मी सवयीनं ओठांकडेच पाहत होतो, कुठं सुटतात का म्हणून. थोड्या वेळानं सौ.नं मला कोपरानं खुणावलं. आत्याची उजवी मूठ शालीवर गोल गोल फिरत होती. पडद्यावर ती वैरण घालायला थांबली, की इथं मूठही थांबे.

दुसऱ्या दिवशी संगणक उघडला, तर प्रोग्रॅमनं सुधारलेली नवी आवृत्ती आल्याचं कळवलं होतं. मी ‘नंतर आठवण करा’ म्हणून सांगितलं. रोज सांगतो.