एकाच कोटाचे दोन गळे

आमच्या कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. मलप्रभा इथेच उगम पावते. पूर्वी शेतावर जाणारा माणूस घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेई आणि रात्री तीच अंगावर ओढी. मलेनाडात कन्नड माणसे अशा खोळीला कंबळी कोप्पे म्हणतात. एका वस्त्राकडून दोन कामे करून घेण्याची रीत दोन्ही भाषांत जुनीच!

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. १९५४ साली त्यांनी बेळगावात शिवून घेतलेला लोकरी कोटही याच रीतीचा. वरचे बटण सोडले की कॉलर मागे दुमडून छातीवर पडे, लावले की गळा बंद. अशा कोटाची आतली पट्टी कोटाच्याच कापडाची लागते, कारण गळा उघडला की तीच बाहेर दिसते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी जाकिटाचाही गळा असाच होता. शिपाई हुक लावून तो बंद ठेवत. अधिकारी उघडा ठेवून टाय बांधत. आजोबांना मात्र एकाच कोटात दोघांची कामे करायची होती.

१९५६ साली आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले, कोट तोच राहिला. शाळेत गळा बंद आणि लग्नाकार्यात उघडा. गावातले कितीतरी नवरदेव तो मागून नेत. धारवाडची माझी आज्जी हसून म्हणे, "ओंदे कोटु, नूरु मदुवे." एकच कोट, शंभर लग्ने!

बंद गळ्याचे खरे कारण तिने फार उशिरा सांगितले. आतला सदरा फाटका असे. धड शर्ट एकच होता, तो लग्नाकार्यासाठी राखलेला. वर्गातल्या मुलांना मास्तरांची गरिबी दिसू नये एवढे काम त्या एका बटणाने वर्षानुवर्षे केले.

यंदा घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. भांडी, पाट सगळ्यांना हवे होते. कोट कुणालाच नको होता. मी तो घेतला. शिंपी म्हणाला, "सर, अस्तर बदलण्यापेक्षा नवे जाकीट स्वस्त पडेल." तरी मी अस्तर बदलायला सांगितले, कॉलरला मात्र हात लावू नको म्हटले.

आतेबहिणीच्या लग्नात माझा मुलगा तो घालणार आहे. गळा उघडा ठेवू की बंद, असे त्याने विचारले. म्हटले, तुला आवडेल तसा ठेव. त्याच्या कपाटात दहा शर्ट आहेत.