नदीच्या नावाचं इंजिन

रोल्स-रॉइसची जुनी पिस्टन इंजिनं म्हणजे शिकारी पक्षी: ईगल, केस्ट्रेल, मर्लिन. (मर्लिन म्हणजे जादूगार नव्हे बरं का, छोटा ससाणा!) जेट आलं आणि नद्यांची नावं सुरू झाली: डरवेंट, एव्हॉन, ट्रेंट. कारण साधं, जेटमध्ये हवा नदीसारखी अखंड वाहते. १९७१ साली लोंगेवालात रणगाडे फोडणाऱ्या आपल्या हंटर विमानांत एव्हॉनच होतं. पुढे बंगळुरूत घडलेल्या जेट इंजिनाचं नावही नदीचंच, कावेरी.

मी भंडाऱ्याचा. पुण्यात लोक विचारतात, "भंडारा? म्हणजे जेजुरीचा?" म्हणून ऑफिसातल्या नव्या सर्व्हरला मी आमच्या नदीचं नाव दिलं, वैनगंगा. आता अख्खी टीम दिवसातून दहादा ते टाइप करते. एकानं तर नकाशात शोधलीसुद्धा!