एमिलियाच्या हातून

‘ऑथेल्लो’मधला रुमाल माझ्या आयुष्यात आला तेव्हा सांगलीच्या शाळेत शिवणाच्या तासाला मी रुमालच भरत होते. पांढरं पॉपलिन, चारी कडांना हेम, एका कोपऱ्यात साखळी टाक्याचा देठ आणि गाठीच्या टाक्याची फुलं. नक्षी कुणाचीच स्वतःची नसे. कुणाच्या तरी ताईच्या रुखवतातला अभ्रा मागून आणायचा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेली नक्षी कार्बन लावून आपल्या कापडावर उतरवायची. त्याच सुमारास लॅम बहीणभावांनी १८०७ साली लिहिलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टी हाती आल्या. नक्षी उतरवून घ्यायची आहे, या बहाण्याने इयागो बायकोकरवी डेस्डिमोनाचा रुमाल पळवतो, हे वाचताना मला काहीच अवघड गेलं नाही. आमच्या आळीत असे रुमाल आणि अभ्रे या घरातून त्या घरात जातच होते. त्या पुस्तकात इयागोची बायको एका वाक्यापुरती येते आणि जाते. मीही तिला तेवढ्यावरच सोडलं.

शेक्सपिअर मराठीत आला तोही याच नाटकाचा हात धरून. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७चा. पुढे १८९०मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. डेस्डिमोनाची कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव. देवल हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावर जाताना वडील दरवेळी ‘हे देवलांचं गाव’ म्हणून सांगायचे, जणू आम्ही विसरलोच असू. पण रंगमंचावर मी आधी पाहिलं ते देवलांचं ‘संशयकल्लोळ’. मोलिएरच्या घरातून निघून इंग्रजीमार्गे आलेलं, आधी ‘फाल्गुनराव’ नावाचं गद्य नाटक आणि १९१६मध्ये संगीत झालेलं. त्यातही एक वस्तू हातोहात फिरते. रेवतीला भर रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तिच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं.

मी हसले, सगळं थिएटर हसलं. ‘ऑथेल्लो’ नीट वाचायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं की दोन्ही नाटकांचं बी एकच आहे: वाटेत पडलेली वस्तू, ती उचलणारी बायको आणि संशयी नवरा. देवलांनी दोन्ही नाटकं मराठीत आणली आणि दोन्हीकडे तेच बी पेरलं. मग एकीकडे हशा आणि दुसरीकडे गळा दाबून खून, हे कसं? माझं उत्तर असं की फाल्गुनराव आणि कृत्तिका भांडतात. घरात भांडतात, लोकांसमोर भांडतात, तसबीर नाचवत एकमेकांना जाब विचारतात. संशय तोंडावाटे बाहेर पडत राहतो, म्हणून शेवटी चौघं समोरासमोर येतात तेव्हा तो फिटतो. ‘ऑथेल्लो’तल्या सायप्रसमध्ये कुणी भांडत नाही. ऑथेल्लो प्रश्न विचारतो, पुष्कळ विचारतो, पण बहुतेक इयागोला. इयागो आधी काही सांगतच नाही. एखादा उद्गार काढतो आणि गिळतो, कपाळाला आठ्या घालतो, ‘राहू द्या’ म्हणतो. विनवण्या ऑथेल्लोने करायच्या. डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे, म्हणून ऑथेल्लो त्याची मानगूट धरतो, तेव्हा त्याला मिळतं त्याच्या नायबाच्या, कॅसिओच्या, झोपेतल्या बडबडीचं वर्णन, आणि कॅसिओ त्या रुमालाने दाढी पुसत होता ही थाप.

एमेच्या वर्गात आम्ही सगळे इयागोमागे होतो. त्याने हे का केलं, यावर रात्री जागवल्या. बढती हुकली म्हणून? बायकोबद्दल वहीम म्हणून? तो स्वतःच इतकी कारणं देतो की एकावरही विश्वास बसत नाही. आज मला त्या चर्चेत फारसा रस नाही. अशी माणसं असतात आणि त्यांच्या मनाचा तळ शोधत बसलं की त्यांच्या आसपास उभी असलेली माणसं नजरेतून सुटतात.

माझी नजर हळूहळू इयागोच्या बायकोवर, एमिलियावर स्थिरावली. खाली पडलेला रुमाल ती उचलते तेव्हा तिला माहीत असतं की ही ऑथेल्लोची पहिली भेट आहे, डेस्डिमोना त्या रुमालाशी बोलते, त्याचे मुके घेते. म्हणून ती ठरवते की नक्षी उतरवून घेऊ आणि तसाच रुमाल इयागोला देऊ. पुढे कॅसिओलाही रुमाल आवडतो आणि तोही त्याच्या मैत्रिणीला, बियांकाला, तशीच नक्षी भरायला सांगतो. ज्याच्या-त्याच्या मनात नक्षी उतरवायचं असतं आणि शेवटपर्यंत ती कुणीच उतरवत नाही. इयागो आत येतो, रुमाल हिसकावतो, कुणाला बोलू नकोस म्हणतो. ती बोलत नाही. रुमाल कुठे हरवला असेल, असं डेस्डिमोना तिला सरळ विचारते, तेव्हा ती ‘ठाऊक नाही’ म्हणते. ऑथेल्लो तिच्या डोळ्यांदेखत रुमालासाठी थयथयाट करतो, आणि तो गेल्यावर ती मालकिणीला विचारते की हा माणूस संशयी नाही का? चौथ्या अंकात ऑथेल्लो तिची उलटतपासणी घेतो. ती डेस्डिमोनाच्या चारित्र्याची ग्वाही देते, स्वतःचा जीव पणाला लावून देते. पण तो रुमालाचं विचारत नाही आणि ती सांगत नाही. सबंध नाटकात मला सर्वांत असह्य होणारी जागा ही.

थॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने १६९३मध्ये एवढ्याशा कापडासाठी चाललेल्या या आकांताची टर उडवली होती. मला ती कधीच पटली नाही. आमच्या नात्यातल्या एका बाईंना नवऱ्याने एका पत्रावरून माहेरी आणून सोडलं होतं. पत्र त्यांचं नव्हतं, जावेचं होतं. जाऊ त्याच स्वयंपाकघरात, त्याच चुलीपाशी वावरत होती. तिची मुलगी लग्नाला आली तेव्हा एकदा तिच्या तोंडून ते निघालं. तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारल्यावर म्हणाली, ‘घरात शांतता हवी होती गं.’ ती दुष्ट नव्हती. बाळंतिणीचं डिंक-अळीव करायला सगळ्यांच्या आधी हजर असायची.

ज्या इटालियन कथेवरून शेक्सपिअरने हे नाटक रचलं, ती चिंथिओची कथा १५६५ची. तिच्यात रुमाल चोरतो तो खुद्द खलनायक. डेस्डिमोना त्याच्या लहान मुलीला छातीशी धरते आणि तो तिच्या कमरेचा रुमाल अलगद काढतो. त्याच्या बायकोला सगळा कट ठाऊक असतो, पण नवऱ्याच्या धाकाने ती गप्प राहते आणि सगळं संपल्यावर बोलते. शेक्सपिअरने यात जो फेरफार केला तो मला थोर वाटतो. एमिलियाला कट माहीत नाही, पण रुमाल तिच्याच हातून गेला आहे. आणि बोलण्यासाठी शेक्सपिअर तिला सगळं संपण्याची वाट बघायला लावत नाही. विशाल भारद्वाजच्या २००६च्या ‘ओंकारा’त रुमालाच्या जागी कमरबंद आहे आणि तिथली एमिलिया, म्हणजे इंदू, शेवटी नवऱ्याला ठार करते. पाहताना बरं वाटतं, नाकारत नाही. पण मूळ एमिलियाने जे केलं ते मला जास्त कठीण वाटतं. तिच्यापाशी हत्यार नाही. तिला फक्त खरं सांगायचं आहे, आणि ते सांगायचं म्हणजे रुमाल मी दिला हेही सांगायचं.

डेस्डिमोनाच्या खुनानंतर, तुझ्याच नवऱ्याने मला सांगितलं, असं ऑथेल्लो म्हणतो, तेव्हा ती ‘माझा नवरा?’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहते. मी पाहिलेल्या प्रयोगांत अभिनेत्री ही जागा बहुधा घाईने घेतात. ती घाईने घ्यायची नाही. प्रत्येक वेळी तिला एकेक जुनी गोष्ट आठवत असते. मग इयागो तिला गप्प बसून घरी जायला सांगतो. नवऱ्याचं ऐकणं योग्यच, पण आत्ता नाही, आणि कदाचित मी आता घरी जाणारच नाही, असं ती भरल्या खोलीत म्हणते. रुमाल मला सापडला आणि मीच तो माझ्या नवऱ्याला दिला, हे सांगते. इयागो तिला भोसकून पळतो. मला मालकिणीच्या शेजारी निजवा, एवढंच ती मागते.

त्यानंतर इयागोच्याच डावात जखमी झालेल्या कॅसिओला खुर्चीत बसवून आत आणतात. आणि आता कुठे ऑथेल्लो त्याला विचारतो, माझ्या बायकोचा रुमाल तुझ्याकडे कसा आला? माझ्या खोलीत पडलेला सापडला, कॅसिओ सांगतो. त्याला एक वाक्य पुरतं.