टाइट घे

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली की पूर्वी दिवा मागे पडताच डब्यात काळोख व्हायचा. पारसिकचा बोगदा. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. मुंब्र्याचा डोंगर पोटातून पार व्हायचा आणि बाहेर तो कसा दिसतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळसा घेऊन जायला लागली. तेव्हापासून रोज सकाळी तो डोंगर माझ्या खिडकीत येतो. मी पेपरात डोकं खुपसायचो. उधारी थकलेल्या वाण्याच्या दुकानासमोरून माणूस जातो, तसं.

उधारी होतीच. याच कातळावर आम्ही चौघं प्रस्तरारोहण शिकलो. दर रविवारी पायात हंटर बूट, खांद्यावर रोप आणि डब्यात पोळी-भाजी. मुंबई-ठाण्याकडच्या बऱ्याच जणांची पहिली खरचटलेली कोपरं मुंब्र्याचीच. इथून तयार झालं की मग माहुलीच्या बाजूचा वजीर सुळका, खंडाळ्याची नागफणी, जीवधनजवळची वानरलिंगी. वजीर आम्ही 2010 च्या डिसेंबरात केला, आणि ते शेवटचं. नंतर लग्नं, घराचे हप्ते, एकाची मणक्याची गादी सरकली. जानेवारी 2020 मध्ये कोकणकड्यावर अरुण सावंतांसारखा जाणता गिर्यारोहक गेला, तेव्हा आमच्या चारही घरांतून एकच वाक्य ऐकू आलं: बघा, त्यांचं असं झालं. दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागला. मग तर काय, कारणच मिळालं.

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार आणि वर एक दिवस. आमच्या ग्रुपवर, जिथे एरवी वाढदिवसाचे केक आणि गुडघ्यांचे व्यायाम येतात, तिथे कल्याणवाल्याने लिहिलं, ‘‘वजीर?’’ घोडबंदरवालीने उत्तर दिलं, ‘‘मुंब्रा. आणि तेही जमलं तर.’’ तिचं ऐकायचं हे जुनंच आहे. आमच्यात ती सगळ्यांत चांगली चढायची. 2016 मध्ये गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला, तेव्हा आमच्यातून ती एकटीच पाहायला गेली होती. आम्ही तिघे त्या दिवशी कुठल्यातरी मुंजीत जेवत होतो.

रोप माझ्या माळ्यावर होता. 2008 साली वर्गणी काढून घेतलेला, निळ्यावर पिवळे ठिपके. काढून हातात घेतला तर कुठे उसवलेला नाही, कुठे काळा पडलेला नाही. मला आनंद झाला. तिने फोनवरच सांगितलं, ‘‘काप.’’ नायलॉनचं असंच असतं. माणूस पडला की हा रोप ताणून तो झटका पोटात घेतो, आणि ही ताणायची ताकद वर्षांनी आतल्या आत जाते. बाहेरून पत्ता लागत नाही. नुसता पडून राहिला तरी दहा वर्षांपुढे वापरू नका, असं बनवणारेच सांगतात. काप एवढ्याकरता, की चुकून कुणी वापरू नये. मी सुरीने त्याचे तुकडे केले. एकावर आता बाल्कनीत टॉवेल वाळतात. बूट मात्र त्या भानगडीत पडले नाहीत. पायात घालताच तळ सुटून हातात आला.

सकाळी साडेसहाला मुंब्रा स्टेशन. नवा रोप तिच्या पाठीवर. चौथा, जो आता पुण्याला असतो, तो डिओ मारून आला होता. आग्या मोहोळाच्या डोंगरात सुगंधी द्रव्य लावून जायचं नाही, हा आमच्या काळी पहिला धडा. पूर्वी त्याला याबद्दल परत घरी धाडलं असतं. आता कल्याणवाला म्हणाला, ‘‘असू दे रे, ओल्या रुमालाने पुसून टाक.’’ इथेच मला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळलं नाही.

भिंत चाळीसेक फुटांची. मागच्या बाजूने वर जाऊन तिने अँकर लावला, रोप खाली सोडला. आठाची गाठ बोटांनी आपणहून मारली. मी दुसरीकडे बघत असतानाच ती पुरी झाली होती. सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कुठे लोखंडासारखा, कुठे हातात सुटून येणारा. म्हणून होल्ड धरायच्या आधी त्यावर तळहाताने थापटायचं. पोकळ आवाज आला तर सोडायचं. तिसाव्या फुटाच्या आसपास एक आडवी खाच आहे, चार बोटं पहिल्या पेरापर्यंत जातात. पूर्वीही तेवढीच जायची. तिथे मी पोचलो आणि उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला.

खालून आवाज आले. ‘‘मस्त चढलास!’’ ‘‘पुरे आहे रे पहिल्याच दिवशी.’’ ‘‘हवं तर उतर, घाई नाही.’’

मला इतका अपमान कधी वाटला नव्हता. वीस वर्षांपूर्वी याच खाचेपाशी अडकलो असतो तर माझ्या खानदानाचा उद्धार झाला असता, आणि त्या शिव्यांच्या जोरावर मी पुढचा होल्ड धरला असता. मधल्या वर्षांनी आमच्या दंडातली ताकद नेली, ते मला अपेक्षित होतं. आम्ही एकमेकांशी इतके सभ्य झालो असू, हे नव्हतं. मणक्याचं विचारायचं, मुलांच्या मार्कांचं विचारायचं, कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं नाही. हॉस्पिटलात भेटायला गेल्यासारखी मैत्री.

मी ओरडलो, ‘‘टाइट घे!’’

तिने रोप खेचला आणि मी हात सोडले. अठ्ठ्याहत्तर किलो, सगळे तिच्या हवाली. हे करणं चढण्याहून अवघड गेलं, हे कबूल केलं पाहिजे. लटकता लटकता मागे वळून पाहिलं. खाली खाडी, रेतीबंदर, रुळांवरून वळसा घेत निघालेली एक फास्ट लोकल. खिडकीत बसलेले लोक अर्थातच पेपर वाचत असणार; नाही, आता मोबाइल.

मग ती चढली आणि रोप माझ्या हातात आला. त्याच खाचेपाशी ती क्षणभर थांबली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘सांभाळून हं, काही हरकत नाही उतरलीस तरी.’’ वरून जे उत्तर आलं ते छापता येणार नाही. त्यातला छापण्याजोगा भाग एवढाच, की तोंड बंद ठेव आणि स्लॅक दे, म्हणजे रोप सैल सोड. बँकेत शाखाधिकारी असलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकून आम्ही तिघे इतके हसलो की मला रोप दोन्ही हातांनी आवळून धरावा लागला. ती वर पोचली. तिथून पुढे कुणी कुणाला ‘पुरे’ म्हणालं नाही. पुणेकराच्या डिओचा हिशेबही तेव्हाच चुकता झाला.

दुसऱ्या खेपेला मी त्या खाचेच्या वर पाच फूट गेलो. वर नाही पोचलो.

निघताना तिने नव्या रोपच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि बॉलपेनने त्यावर महिना, साल लिहिलं. या रोपची मुदत संपेल तेव्हा मी 58 वर्षांचा असेन.