आधी खाऊन दाखव

मला महिन्याला पंचवीस-सत्तावीस किलो मीठ लागतं. हिशोब सोपा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशांच्या तीनशे लिटरच्या टाकीतलं दहा टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे तीस लिटर, म्हणजे किलोभर मीठ. अशा सहा टाक्या मी सांभाळतो: एका डॉक्टरांची वेटिंग रूम, सिडकोतले दोन बंगले, उस्मानपुऱ्यातलं एक ऑफिस, ज्योतीनगरातलं एक घर आणि माझी स्वतःची. हे मीठ किराणा दुकानातलं चालत नाही. जेवणातलं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियमच 1,300 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, कॅल्शियम चारशेच्या. ते सगळं ज्यात मोजून घातलेलं असतं, ते बादलीबंद मीठ आणावं लागतं.

माझ्या गल्लीत यावरून चेष्टा चालते. समुद्र तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब, नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी, आणि हा शहाणा आलेल्या पाण्यात मीठ कालवतोय. चेष्टा चुकीची नाही. बोअरचं पाणी जड, टँकरचं कुठलं ते देव जाणे, म्हणून सगळं आरओतून काढावं लागतं, आणि माझं मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. ते मी फरशीला, संडासाला वापरतो. तरी मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी हंडे लावून उभ्या असतात तेव्हा त्या नळीकडे बघवत नाही. म्हणून टाकी लावायची म्हणून कुणी बोलावलं, की माझा पहिला प्रश्न माशाचा नसतो. पाणी साठवायला किती लिटरचे ड्रम आहेत, हे मी विचारतो. उत्तर ऐकून निम्मे लोक गोड्या पाण्याच्या माशांवर येतात. त्यात कमीपणा काही नाही. पाणचक्कीच्या हौदातले मासे बघतच मी वाढलो.

ज्योतीनगरातल्या घरी एक आजी आहेत. मी टाकीत हात घालून बसलो की त्या खुर्ची ओढून शेजारी बसतात. एकदा म्हणाल्या, "हे मासे पाणी पितेत का रे लेकरा?" मी हसणार होतो, पण प्रश्न अचूक होता. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळपास पीतच नाही. ते त्याच्या अंगात आपसूक शिरतं आणि तो ते लघवीवाटे काढत राहतो. समुद्रातल्या माशाचं उलट. त्याच्या रक्तापेक्षा बाहेरचं पाणी तिपटीनं खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. दिवसरात्र, जन्मभर. आजी म्हणाल्या, "म्हंजी पाण्यात राहूनबी दुष्काळच की." आमच्या धंद्यातलं याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. आजारी, थकलेला मासा टिकत नाही याचं एक कारण हेच: प्यायचं आणि मीठ उपसायचं काम त्याला एक तासही थांबवता येत नाही.

दुष्काळाची आमची हवा मात्र एका बाबतीत कामाला येते. टाकीचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहायला हवं. मुंबईत त्यासाठी चिलर लावावा लागतो, कारण तिथली हवा आधीच ओली. इथे एप्रिलमध्ये कोरडी हवा असते. टाकीखालच्या सम्पवर, म्हणजे फिल्टरच्या टाकीवर, दोन छोटे पंखे सोडले की पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. घरातल्या कूलरचंच तत्त्व. पण कूलर पाणी पितो, तशी टाकीही पिते. दिवसाला पाच लिटर सहज उडतात. उडतं ते पाणी. मीठ जागच्या जागी राहतं. एका घरची मंडळी सुट्टीला दहा दिवस गावी गेली, पंखे चालू, वर गोडं पाणी घालायला कुणी नाही. तीनशेचे अडीचशे लिटर झाले आणि पस्तीसचे बेचाळीस. पाणी कमी झालंय हे परतल्यावर दिसलं, म्हणून त्यांनी प्रेमानं त्यात मिठाचं पाणी ओतलं. पुढचं सांगत नाही.

आता खरेदी. आमच्याकडे मासे मुंबईहून येतात, क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून, कधी चेन्नईच्या कोलत्तूरहून. रात्री खोकं गाडीवर चढतं, पहाटे चार-साडेचारला मी स्कूटर घेऊन घ्यायला उभा. शहराचं नाव बदललं, तरी थर्माकोलच्या खोक्यावर मार्करनं अजूनही 'औरंगाबाद' लिहिलेलं असतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दुहेरी पिशव्या. एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन.

पहिली चार-पाच वर्षं मी पुस्तकात वाचलेलं करायचो. पिशवी उघडायची, बारीक नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी तीत सोडायचं, दोन तास. माशाला सवय होऊ द्यायची. कितीतरी मासे त्या दोन तासांतच आडवे झाले आणि मी दुकानदाराला शिव्या घालत राहिलो. चूक माझी होती. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात त्याचा अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो बहुतांश अमोनियमच्या, म्हणजे फारशा न बाधणाऱ्या रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणजे मी दोन तास माशाला सवय नव्हतो लावत. आता पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास तरंगवतो, तापमान जुळवतो. मग उघडतो, रिफ्रॅक्टोमीटरनं खारटपणा बघतो (दुकानदार मीठ वाचवायला आणि जंतू कमी राहावेत म्हणून बऱ्याचदा पाणी फिकं ठेवतात) आणि वेगळ्या टबात तेवढाच खारटपणा आधी तयार करून मासा पाच मिनिटांत हातानं उचलून त्यात सोडतो. पिशवीतलं पाणी मोरीत. खारटपणा मग रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा.

हा वेगळा टब म्हणजेच क्वारंटाईन. याचं नाव काढलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पाहुणे येणार, पूजा आहे, मासा दिवाणखान्यात आजच दिसायला हवा. पण समुद्री माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की दगडांवर चिकटून बसतो, आणि टाकीतले सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. तांब्याचं औषध त्या टाकीत घालता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, सगळं मरतं. मी टबांचा फेरा करतो: दर तीन दिवसांनी मासा नव्या, कोरड्या करून भरलेल्या टबात, बारा दिवसांत चार वेळा. जंतू अंगावरून गळून तळाशी बसतो, त्याची पिल्लं बाहेर पडायच्या आत मासा पुढच्या टबात. औषधाचा थेंब लागत नाही. फक्त दोन प्लास्टिकचे टब आणि माणसाची चिकाटी. मखमलीसारखा थर चढणारा जो दुसरा रोग आहे, त्याला मात्र हा फेरा पुरत नाही.

आणि मासा निवडायचा कसा? लोक रंग बघतात. मी भूक बघतो. दुकानात गेलो की एकच वाक्य: आधी खाऊन दाखव. दुकानदार म्हणतो, "खाता है सर, एकदम खाता है." मी म्हणतो, मग माझ्यासमोर टाका. डोक्यामागे खळगा पडलाय का, पोट आत गेलंय का, शेजारच्या माशांपेक्षा दुप्पट वेगानं कल्ले हलतायत का, एवढं बघितलं तरी निम्मे मासे बाद होतात. आवडलाच, तर टोकन देऊन आठवडाभर तिथेच ठेवतो. या आठवड्याला दुकानदार वैतागतात. वैतागू देत. सायनाईड मारून पकडलेला मासा तजेलदार दिसतो आणि पुढच्या काही आठवड्यांत मरतो. ही पद्धत 1960च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली आणि प्रवाळांच्या खाचा विषारी करत पसरली. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदाशीतले असतात, समुद्रातले बहुतेक अजूनही रानातून उचललेले.

म्हणून नवशिक्याला मी क्लाउनफिशच देतो, तोही पैदाशीतला. 2003च्या सिनेमापासून त्याला कुणी क्लाउनफिश म्हणत नाही, निमोच म्हणतात. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली तर नर मादी होतो. सिनेमात हे दाखवलं असतं तर निमोच्या वडिलांचं काही खरं नव्हतं. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशननं या माशांची पैदास सुरू केली आहे, मंडपमला सीएमएफआरआय ही केंद्र सरकारची मत्स्य संशोधन संस्था त्याआधीपासून करत होती. समुद्रघोडा आणि जिवंत कठीण प्रवाळ मागणाऱ्याला मात्र मी दारातूनच परत पाठवतो. 2001 पासून दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले.

राहिला मँडरिन. निळ्या रेशमावर केशरी नक्षी, हिमरू शालीसारखा. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मी तो एकदा सोडला होता, टाकी लावून जेमतेम तीन महिने झाले असताना. रोग नाही, पाणी उत्तम, टाकीत खाणं भरपूर. पण तो दाणा खात नव्हता. त्याला लागतात दगडांवर सरपटणारे, टाचणीच्या टोकाएवढे जिवंत जीव, म्हणजे पॉड्स, आणि ते तो दिवसभर एक एक टिपत असतो. तीन महिन्यांच्या टाकीतले त्यानं पंधरा दिवसांत संपवले. पेशंट म्हणायचे, किती छान शांत मासा आहे. दीड महिन्यानं एका सकाळी तो दगडाला टेकलेला सापडला, पोटाच्या जागी घडी.

तेच डॉक्टर आता पुन्हा मागतात. टाकीला चौदा महिने झाले. परवा दवाखाना बंद झाल्यावर आम्ही दोघं दिवे घालवून टाकीपुढे बसलो आणि मी काचेला टॉर्च लावला. पॉड्सचे पांढरे ठिपके पळत होते, बोटाएवढ्या जागेत दहा-बारा. डॉक्टर म्हणाले, झालं ना आता? मी म्हटलं, अजून दाट होऊ द्या, मार्चमध्ये बघू. मग आठवलं, मार्चमध्ये पंखे लागतात. म्हटलं, मार्च नको. पाऊस पडल्यावर बघू.