अंग बाहेर येणं हा घरातला विषय नाही, वॉर्डातला आहे

एरवी मी इथे पाणी, कचरा, नाहीतर बाळकुम नाक्यावरच्या ट्रॅफिकबद्दल लिहिते. आज बाईच्या शरीराबद्दल लिहितेय. पोस्ट लांब आहे. पुरुष मंडळींनी "हे आपलं नाही" म्हणून पुढे सरकू नये. तुमच्या घरात आई आहे, सासू आहे, काकू आहे.

"अंग बाहेर येणं" हे शब्द आमच्या पिढीच्या बायकांना ठाऊक असतात. डॉक्टर त्याला प्रोलॅप्स म्हणतात. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचा शेवटचा भाग हे सगळं तिने पेललेलं असतं. बाळंतपणं, वर्षानुवर्षं उचललेलं वजन, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं आणि पाळी गेल्यावर कमी झालेले हार्मोन्स, या सगळ्याने झोळी सैल पडते. मग वरचं काहीतरी योनीमार्गात खाली उतरतं. हा कर्करोग नाही. सहसा जिवावरही बेतत नाही, फार वाढलं तर लघवी तुंबून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो एवढंच. पण दिवसभर दोन पायांच्या मध्ये लिंबाएवढं काहीतरी आहे ही जाणीव घेऊन भाजी घ्यायची, पाहुण्यांना चहा द्यायचा, देवळात उभं राहायचं. संध्याकाळी कंबर भरून येते, लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही.

माझं वय ६९. तीन बाळंतपणं, तिन्ही साधी. दमा पस्तिशीपासून, मधुमेह बारा वर्षं. हे सांगतेय कारण वेगवेगळे आजार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे असले तरी शरीर एकच आहे, आणि त्यांची भांडणं त्याच्यातच होतात.

दम्याचंच बघा. खोकल्याची एक उबळ म्हणजे पोटातून खाली एक धक्का. बाळकुममध्ये गेली काही वर्षं आपण काय श्वासात घेतोय ते मी वेगळं सांगायला नको. ठाणे-भिवंडी मेट्रोचं काम, टॉवरची कामं, जुन्या आग्रा रोडवरून कशेळीकडे जाणारे ट्रक. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की पांढरं निघतं. ज्या हिवाळ्यात माझा खोकला दोन महिने हटला नाही, त्याच हिवाळ्यात हे सुरू झालं. आंघोळ करताना हाताला लागलं. मी घाबरले नाही, कारण माझ्या आजीला हेच होतं आणि ती फडकं बांधून शेतात जायची.

मी डॉक्टरांना सांगितलं. नाव लिहीत नाही, त्यांनी माझी साखर बरीच वर्षं सांभाळलीय. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "या वयात होतं आजी, जड उचलू नका." बस. तपासणी नाही, कुणाकडे जा ते नाही. आणि जड उचलू नका म्हणजे काय? पाण्याचं शटडाऊन असतं त्या दिवशी बादली कोण उचलतं? नातवाला रिक्षात कोण चढवतं?

सुनेने मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. "आई, हे मला आधी का नाही सांगितलंत?" असं तिने एकदाच विचारलं, पुन्हा नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. त्या डॉक्टरीणबाईंनी झोपवून, खोकायला लावून, मग उभं करून तपासलं. उभं केल्यावर खरं किती खाली येतं ते कळतं. माझं मूत्राशय आणि गर्भाशय दोन्ही उतरलेलं, मधल्या पायरीचं. त्या म्हणाल्या ऑपरेशन होऊ शकतं, पण तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ आहे, ती आठच्या खाली आणा, नाहीतर जखम चिघळायची. आणि खोकला आटोक्यात नसेल तर आतून शिवलेलं पुन्हा उसवेल. म्हणजे साखर आणि दमा दोघांचा होकार मिळेपर्यंत थांबा.

तोवर रिंग. इथे मी जरा थांबून सांगते, कारण ही गोष्ट बहुतेक बायकांना माहीतच नसते. सिलिकॉनची मऊ कडी असते, बांगडीएवढी, वेगवेगळ्या मापांची. डॉक्टर माप बघून आत बसवतात आणि ती खाली आलेलं वर पेलून धरते. बरोबर बसली तर जाणवतही नाही. पहिल्या दिवशी मी घोडबंदर रोडपर्यंत चालत गेले आणि परत आले, काही लोंबलं नाही. रडू आलं, खोटं कशाला बोलू. काहीजणी ती स्वतः काढून, धुऊन, परत घालायला शिकतात. काहीजणी दर तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांकडून बदलून घेतात. सोबत योनीत लावायचं हार्मोनचं मलम देतात, त्वचा कोरडी पडून घासू नये म्हणून. वास, पाणी जास्त जाणं, रक्ताचा डाग, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवायचं. आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर रिंग असो-नसो, दाखवायचंच.

मग मधुमेहाने आपला हिस्सा मागितला. सहा महिन्यांत तीनदा खाज आणि पांढरं जाणं, बुरशीचा संसर्ग. प्रत्येक वेळी रिंग काढून ठेवायची, औषध, दोन आठवडे पुन्हा तेच लोंबणं. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली आणि एक पाकीट उचललं, डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला चांगली आहे, २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्तही झालीय, म्हणून बऱ्याच जणांना सुरू असते. पण साखर जिथून जाते तिथे बुरशीला खाऊ मिळतो, आणि हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. साखरेच्या डॉक्टरांना रिंग ठाऊक नव्हती, रिंगवाल्या डॉक्टरांना गोळी ठाऊक नव्हती. मी दोघांच्या फाईली एकाच पिशवीत घालून गेले, गोळी बदलली, संसर्ग थांबला. तुम्ही घेत असाल तर आपणहून बंद करू नका, पण विचारा. तसंच ब्लडप्रेशरच्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. अंग खाली आलेल्या बाईला तो परवडत नाही. हेही विचारा.

व्यायामाचं सांगते. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरल्यासारखं आत-वर ओढायचं, मोजायचं, सोडायचं. सोपं वाटतं, पण बहुतेकजणी उलट खाली ढकलतात, म्हणून एकदा तरी शिकवणारी बाई हवी. २०१४ साली लॅन्सेट या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायकांचा. फिजिओथेरपिस्टकडून एकेकीने शिकलेल्यांचा त्रास वर्षभराने कमी झालेला दिसला. मला यातली सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. दम्याच्या माणसाला दिवसातून चाळीस वेळा सराव आपोआप होतो! बाकी इसबगोल, भरपूर पाणी, आणि इनहेलर न चुकता. इनहेलर ही माझ्या प्रोलॅप्सचीही औषधं आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदाच्या हळदीकुंकवाला मी हा विषय मुद्दाम काढला. सुरुवातीला सगळ्या तिळगुळाकडे बघत बसल्या. मग कोळीवाड्यातली एक ताई, जिने तरुणपणी डोक्यावर मासळीची पाटी वाहिलीय, म्हणाली, "माझं तं कधीचंच येतं गो, मी आत ढकलते नि कामाला लागते." तिच्यामागून अजून दोघी. एकीला कुणीतरी थेट पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं होतं.

या पिशवी काढण्यावर माझा राग आहे. काही वेळा ती काढावी लागते, त्याला विरोध नाही. पण २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण सरकारी समितीपुढे आलं, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांची कारणं वेगळी होती, पण सवय तीच. बाईचं दुखतंय? काढून टाका. प्रोलॅप्समध्ये तर झोळी दुरुस्त न करता नुसती पिशवी काढली तर नंतर योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. आणि याच मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर होऊन गेले. गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९. गर्भ टिकवण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायचा टाका त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. त्यांनी आणि डॉ. पुरंदरे यांनी तरुण बायकांचं खाली आलेलं गर्भाशय न काढता वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. आजही त्या वैद्यकीय पुस्तकांत त्यांच्याच नावाने आहेत. ठाण्यापासून तासाभरावर हे ज्ञान जन्मलं आणि आमची ताई आत ढकलून कामाला लागते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. लोक म्हणतील ते जंगलातलं, तेव्हाचं. आपण शहरात आहोत. साकेत-बाळकुमला २०२० मध्ये बघता बघता १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलेलं आपण पाहिलंय. ठरवलं तर होतं, एवढंच मला म्हणायचंय.

आमच्याकडे आशाताई येतात, खूप गुणी मुलगी. बीपी, साखर विचारते, तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं विचारते. मला तिने "खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, आजी?" असं कधी विचारलं नाही, कारण तिला तसं विचारायला कुणी शिकवलेलं नाही. मी एका पालिकेच्या बैठकीत हे बोलले तर समोरचे साहेब फाईल चाळायला लागले आणि म्हणाले हा वैयक्तिक प्रश्न आहे. वैयक्तिक? कापूरबावडी ते बाळकुम रिक्षाने या, खड्ड्यांत कंबर आपटत. मध्ये ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडका. खाली आलेलं मूत्राशय दर तासाला हाक मारतं, आणि वाटेत बाईला जाता येईल, बसता येईल, हात धुता येईल अशी जागा दाखवा. मुंबईत २०११ पासून बायका 'राईट टू पी' म्हणून याच हक्कासाठी भांडतायत. मी तर घराबाहेर पडायच्या आधी पाणी पिणंच सोडलं होतं. मग बद्धकोष्ठता, मग कुंथणं, मग अंग अजून खाली. धूळ, खड्डे, मुतारी, पाणी, या सगळ्याच पालिकेच्या गोष्टी आहेत आणि सगळ्या माझ्या ओटीपोटात येऊन थांबतात.

म्हणून एक अर्ज केलाय. आशाताईंच्या विचारण्यात हा एक प्रश्न घालावा. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ आणि महिला फिजिओथेरपिस्ट बसवाव्यात, आणि तिथे रिंग बसवून मिळावी. मी दीड हजार मोजू शकले, कोळीवाड्यातली ताई नाही. मेट्रोचं बाळकुम नाका स्टेशन होतंय, तर तिथलं बायकांचं शौचालय रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही वापरता यावं, तिकीट न काढता. बांधकामांना हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा सक्तीचा करावा, हे तर आपण आधीपासून मागतोच आहोत.

माझं ऑपरेशन अजून व्हायचंय. साखर आठ पॉइंट एकवर आलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात पावसाळा जाऊ दे, खोकला बघू. रिंगवर माझं बरं चाललंय, कदाचित ऑपरेशन नकोच म्हणेन.

अर्ज माझ्याकडे आहे. सह्या करायला दुपारी चारनंतर या, पुरुषांनीही या. ज्यांना सही नको पण बोलायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, नाव कुठे जाणार नाही. आणि ज्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही त्यांनी मला वर बोलावू नका. खालून हाक मारते, तुम्ही या.